मुळात नसलेली ओरिन

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. जुन्या अ‍ॅनिमे मालिकेची नव्याने निर्मिती होते, तेव्हा पूर्वीच्या नायकाला आवाज देणाऱ्या कलावंतास नव्या मालिकेत नायकाच्या पित्याची भूमिका सन्मानपूर्वक देण्यात येते, आणि हा पिता बहुधा पहिल्याच भागात मरण पावतो. प्रेक्षकांना आवाज ओळखू येतो, ते हळहळतात, आणि त्या हळहळीच्या आडोशाने नवा, तरुण आवाज नायकाच्या जागी येऊन बसतो. ही रीत कोणी घालून दिली हे मला ठाऊक नाही. परंतु 'मिठाचा किल्ला' या कथेची नवी मालिका जाहीर झाली, त्या दिवशी एबिसावा ताकेओ आमच्या ओगिकुबोच्या कचेरीत आले आणि दारात बूट काढता काढताच ओरडले, "मेलो एकदाचा! बाप झालो नि मेलो, दोन्ही एकाच भागात! तोकोनामि-सान, फुलं पाठवा!"

मी त्या लहानशा संस्थेचा व्यवस्थापक. आवाजाच्या कलावंतांना काम मिळवून देणे, त्यांना ध्वनिमुद्रणास नेऊन आणणे आणि त्यांच्या वतीने कमरेत वाकणे, ही माझी कर्तव्ये. एबिसावांच्या विनोदाला मी हसलो, कारण हसणे आवश्यक होते. तथापि खिडकीजवळच्या खुर्चीत आमच्याच एक ज्येष्ठ कलावंत, इसोबे चिगुसा, बसल्या होत्या, आणि त्या हसल्या नाहीत. हातातल्या कपातील कोमट पाण्याकडे पाहत त्यांनी विचारले, "आणि ओरिनचं काय झालं? तिचाही आवाज बदलला?"

एबिसावांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

"चिगुसा-चान," एबिसावा म्हणाले, "बदलायला आधी असावं लागतं गं. ओरिन मुळात आहेच कुठे?"

हे वाक्य क्रूर असले तरी असत्य नव्हते. 'मिठाचा किल्ला' ही मुरोझोनो सेन्सेईंची, म्हणजे मुरोझोनो गुरुजींची, साप्ताहिकात येणारी चित्रकथा. समुद्रकाठच्या मिठाच्या किल्ल्यात वाट चुकलेला कागारी नावाचा मुलगा, आणि त्याचा बाहेर पडण्याचा प्रयत्न, असा तिचा विषय. ती ऐन भरात असताना तिच्यावरून पहिली मालिका निघाली. मालिका दर आठवड्याला जितकी कथा खात असे, तितकी सेन्सेईंच्या हातून निघत नसे. त्यामुळे एक दिवस असा उगवला की मालिका मूळ कथेच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिच्यापुढे रस्ताच उरला नाही. अशा वेळी मालिका थांबवता येत नाही. प्रक्षेपणाची वेळ कोणासाठी थांबत नसते. सबब त्या काळच्या दिग्दर्शकांनी आणि लेखकांनी एका खोलीत बसून स्वतःच एक शेवट रचला, आणि त्या शेवटासाठी कागारीला एक थोरली बहीण दिली. किल्ल्यात दिवे लावणारी ओरिन. अखेरच्या भागात ओरिन कड्यावर दिवा धरून मागे राहते, कागारी त्या उजेडात होडी हाकत बाहेर पडतो, आणि ती त्याला हाक मारून सांगते, "दिवा अजून विझलेला नाही!"

त्या एका वाक्याने सबंध देशातील मुले रडली. आवाज चिगुसांचा होता.

इकडे मूळ चित्रकथा आपल्या संथ गतीने निराळ्याच दिशेला गेली. तिच्यात कागारी एकुलता एक. अशा रीतीने एकाच बीजाची दोन झाडे झाली, आणि पुढे त्यांच्या सावलीत आणखी रोपे उगवली. एक चित्रपट निघाला, त्यात ओरिन जिवंत परतते. तो ना मालिकेला धरून होता, ना मुळाला. एक नाटक निघाले, त्यात ओरिनऐवजी नुसताच दिवा होता. पचिंकोच्या जुगारी दालनांत 'मिठाचा किल्ला' नावाचे यंत्र आले; छर्‍यांचा डाव जिंकला की त्यात चिगुसांचा आवाज घुमे, दिवा अजून विझलेला नाही. चाहत्यांचे दोन तट पडले. स्वतःला मूळवाले म्हणवणारे ओरिनला 'भाडोत्री बहीण' म्हणत. जुनेवाले मात्र तिच्यावरून भांडायला रात्रंदिवस सिद्ध असत. नवी मालिका ही मूळवाल्यांची मालिका होती. सुरुवातीपासून, सेन्सेईंच्या चित्राबरहुकूम, आणि जुने काहीही नाही, असे तिच्या जाहिरातीतच लिहिले होते.

चिगुसांना त्या मालिकेत कोळीण म्हातारीची भूमिका देऊ करण्यात आली. त्यांनी नाकारली.

"का हो?" मी गाडीत विचारले. "म्हातारी तीन भागांत आहे. बरी आहे."

"त्या जगात माझा आवाज एकच आहे, तोकोनामि-सान. म्हातारीला दिला तर ओरिन येईल तेव्हा मी काय देऊ?"

"ओरिन येणार नाही, इसोबे-सान."

"तुम्ही गाडी चालवा."

त्यांना अपत्य नव्हते. विवाह झाला होता आणि मोडलाही होता. घरी देवघराशेजारी ओरिनची एक वीतभर बाहुली होती. तिच्यापुढे त्या रोज सकाळी भाताची वाटी ठेवत नसत, एवढाच तिच्यात आणि पितरांत फरक, असे एबिसावा म्हणत. वास्तविक चिगुसांनी शेकडो भूमिका केल्या होत्या: परी, मांजर, प्रधानमंत्री, दात घासण्याचा ब्रश. लोकांच्या लक्षात एकच राहिली, आणि ती नेमकी अशी की जिला स्वतःचे घर नव्हते.

नवी मालिका सुरू झाली आणि यशस्वी झाली. एबिसावा पहिल्या भागात थोर रीतीने मेले. त्याच काळात चिगुसांचा आवाज सकाळी उशिरा उघडू लागला. वैद्यांनी घशात नळी घालून पाहिले आणि स्वरतंतूवर गाठ असल्याचे सांगितले. शस्त्रक्रिया केल्यास बोलता येईल, मात्र पूर्वीसारखे बोलता येईल असे वचन देता येणार नाही. विलंब केल्यास तेवढेही नाही. चिगुसांनी फार वेळ विचार केला आणि शरद ऋतूतील एक दिवस ठरवला.

तो दिवस येण्यापूर्वीच ओरिन आली.

मूळ चित्रकथा तेव्हा अंतिम पर्वात होती. एका सोमवारी मी साप्ताहिक घेण्यासाठी दुकानात गेलो, तिथेच उभ्याने शेवटचे पान उलटले आणि हातातली छत्री खाली पडली. पानभर एकच चित्र होते. कड्यावर एक मुलगी, पाठमोरी, हातात दिवा. खाली अक्षरे होती: "उशीर केलास, कागारी."

मी कचेरीत पोहोचलो तेव्हा चिगुसा अगोदरच आल्या होत्या. टेबलावर साप्ताहिकाच्या तीन प्रती होत्या.

"तीन कशाला?"

"एक वाचायला. एक ठेवायला." त्या थांबल्या. "एक उगाच."

आणि मग त्या रडल्या. त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता, कारण वैद्यांनी घसा जपायला सांगितले होते. दुपारपर्यंत जुनेवाल्यांनी सर्वत्र एकच वाक्य पसरवले होते: ओरिन घरी आली. एबिसावांनी फोन करून सांगितले, "चिगुसा-चान, अभिनंदन! औरस झाली तुझी पोरगी! मी तर बाप होऊन मेलो, तू आता आई होऊन जग!"

त्याच आठवड्यात निर्मात्या निइझे-सान यांचा निरोप आला. या बाई वयाने तरुण, बोलण्यात अत्यंत नम्र, आणि त्यांच्या नम्रतेत मला कधीही कुठे दार सापडले नाही. त्या म्हणाल्या, "कथेचा शेवट आणि मालिकेचा शेवट एकाच आठवड्यात आणतोय आम्ही. ओरिन मालिकेतही आहे. आणि सेन्सेईंची एकच अट आहे. आवाज इसोबे-सानचाच हवा. दुसरा कुणाचा चालणार नाही म्हणाले."

"पटकथा केव्हा मिळेल?"

"ध्वनिमुद्रणाच्या दिवशी, हातात. तोवर साप्ताहिकातही कथा थांबवलीय. बाहेर फुटलं तर दोन्ही बुडतील. समजून घ्या."

पटकथा न पाहता भूमिका स्वीकारणे हे आमच्याकडे नवलाचे नाही. काय बोलायचे आहे हे विचारणे हा आम्ही उद्धटपणा समजतो. कोण म्हणून बोलायचे आहे हे कळले की पुरे. मी होकार दिला. निइझे-सान यांनी करार पुढे सरकवला आणि हसून म्हणाल्या, "आणखी एक. यापुढे खेळात, यंत्रात, सगळीकडे आता मुद्रित होईल तोच आवाज लागेल. नवे प्रेक्षक फार गोंधळतात हो. जुनी मालिका आधी बघू का नवी, चित्रपट खरा का खोटा, रोज विचारतात. आता सगळीकडे एकच ओरिन."

हे मी चिगुसांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते तीन शब्द हळूच परत उच्चारले. सगळीकडे एकच ओरिन. त्यांच्या मुद्रेवर जो प्रकाश आला, तो मी त्यापूर्वी पाहिलेला नव्हता.

रिवाजाप्रमाणे आम्ही सेन्सेईंच्या भेटीस गेलो. नेरिमा भागातील त्यांच्या कामाच्या खोलीत चार सहायक माना खाली घालून काळी शाई भरत होते. कोणी वर पाहिले नाही. चिगुसांनी आपल्या गावाकडची योकानची पेटी दोन्ही हातांनी पुढे केली. मुरोझोनो सेन्सेई सडपातळ, पांढर्‍या केसांचे, मनगटाला पट्टी बांधलेले गृहस्थ. त्यांनी ती मिठाई तत्काळ कापवली, आम्हाला चहा दिला, आणि स्वतः एकही फोड खाल्ली नाही.

"बावीस वर्षं ऐकतोय तुमचा आवाज," ते म्हणाले. "सहीसाठी मुलं येतात ना, कागद पुढे करतात नि म्हणतात, ओरिन काढून द्या. पहिल्यांदा मला कळेचना कोण ते. मग शिकलो. तुमच्या मालिकेतली चित्रं समोर ठेवून शिकलो काढायला."

"आम्ही आपले अपराधी आहोत," चिगुसा वाकून म्हणाल्या.

"छे, छे. माझी आईसुद्धा! दवाखान्यात पडून होती. मी चाळीस खंड काढले, तिनं एक पुरता वाचला नाही. पण मालिका बघायची. शेवटी शेवटी म्हणाली, तुझ्या सगळ्यांत ती दिवेवाली पोर गोड आहे रे." ते हसले. "मी काही बोललो नाही. मरणार्‍या माणसाला कशाला सांगायचं, ती माझी नाही म्हणून?"

चिगुसांचे डोळे भरून आले. मीही भारावलो. एका थोर कलावंताने परक्या लेकराला पोटाशी धरले, असे मला वाटले.

"म्हणून ठरवलं," सेन्सेई म्हणाले, "शेवट करण्याआधी तिला तिची जागा दाखवायची. लोकांनी एकदा नीट बघावं, ती कोण आहे ते. पण आवाज तुमचा पाहिजे. अगदी तोच. जमेल ना?"

मी घशाविषयी बोलण्यास तोंड उघडले. मेजाखाली चिगुसांची टाच माझ्या पायावर पडली.

"जमेल," त्या म्हणाल्या.

दुसर्‍या दिवशी त्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. वैद्य फार चिडले. "तुम्हाला कळतंय का बाई, मी काय सांगतोय ते? ताण पडला तर तंतू फाटेल. मग मी काय शिवणार?" चिगुसांनी त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, आभार मानले आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "फाटू दे. माझ्यानंतर ओरिन दुसर्‍या कुणाच्या तोंडून बोलायची असेल, तर आता मूळ पुस्तकात तिचं नाव आहे, बोलेल ती. पण घरात पहिलं पाऊल ती माझ्या पायानं टाकेल."

मधल्या काळात त्या जवळजवळ बोलल्याच नाहीत. मान हलवून, हाताने, डोळ्यांनी काम भागवत. आवाज त्यांनी असा साठवला, जसा कोणी दुष्काळात रांजणातले पाणी साठवतो.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आम्ही पोहोचलो, तेव्हा तिसरा प्रहर होता आणि, वेळ कोणतीही असो, आमच्या व्यवसायाच्या रीतीप्रमाणे सर्वजण एकमेकांना शुभ सकाळ म्हणत होते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसण्याचा क्रम ठरलेला असतो: नायक मधल्या आसनावर, ज्येष्ठ त्याच्या आजूबाजूला, नवखे दारापाशी. नव्या मालिकेत कागारीचा आवाज अकात्सु वाकाना ही तरुण मुलगी देत असे. चिगुसांना पाहताच ती ताडकन उठली.

"इसोबे-सान, तुम्ही मध्ये बसा. प्लीज. मी सात वर्षांची होते, ओरिन मागे राहिली तेव्हा. दोन दिवस जेवले नव्हते. आईनं दूरदर्शन संच उशीनं झाकून ठेवला होता."

"मग आज पोटभर जेवून आलीस ना?" चिगुसांनी विचारले, आणि सगळे हसले. इतक्या दिवसांनी ऐकलेला तो आवाज निर्मळ होता, मुलीचा होता. काचेपलीकडे ध्वनिदिग्दर्शक कुवाबारा यांच्या मागे मुरोझोनो सेन्सेई बसले होते. त्यांनी किंचित मान लववली.

निइझे-सान यांनी पटकथा वाटल्या. चिगुसांनी आपली पाने उलटली. त्यांचे पान उलटणे ऐकू येत नसे, ही त्यांची ख्याती होती. मी दारापाशी उभा होतो. दुसर्‍या पानावर त्यांचा हात थांबला, आणि मग कागद वाजला.

काय लिहिले होते, ते मला ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावरच समजले. किल्ला वाट चुकलेल्यांना भुलवण्यासाठी मिठाची माणसे घडवतो. ज्याला जे हवेसे वाटते, ते. ओरिन त्यांपैकी एक होती. तिला जीव नव्हता, भूतकाळ नव्हता. ती केवळ कोणाच्या तरी दुबळ्या इच्छेचा साचा होती.

पडद्यावर अपुरी, रेघोट्यांची चित्रे सरकू लागली. चिगुसा आणि अकात्सु शेजारच्या मायक्रोफोनांपुढे उभ्या राहिल्या.

"कागारी, दिवा अजून विझलेला नाही!"

"तू कोण?"

"अरे, तुझी ताई."

अकात्सुने श्वास घेतला. तिचे वाक्य आले नाही. चित्र पुढे निघून गेले.

"अकात्सु," कुवाबारांचा आवाज वरून आला, "वाक्य पडलं. परत."

"क्षमा असावी."

पुन्हा चित्र फिरले. पुन्हा दिवा, पुन्हा ताई. या वेळी अकात्सुने ते म्हटले, पण तिचा कंठ दाटून आला. काचेपलीकडे सेन्सेई वाकून कुवाबारांच्या कानाशी काही बोलले.

"सेन्सेई म्हणतायत, दुःख नको. कागारीला वाईट वाटत नाही. वाटेत पाय आडवा आला, तसं म्हणा."

अकात्सुने चिगुसांकडे पाहिले. तिचे डोळे अक्षरशः क्षमा मागत होते. चिगुसा तिच्या कानाशी पुटपुटल्या, आणि मायक्रोफोन उघडा असल्याने ते सर्वांनी ऐकले: "रडू नकोस गं. तू रडलीस की माझा भाग बिघडतो."

तिसर्‍या खेपेस अकात्सुने सपाट स्वरात म्हटले, "मला बहीण नाही. कधीच नव्हती." त्यानंतर कथेतला कागारीचा सोबती पखालीचे पाणी ओरिनच्या पायांवर ओततो, आणि ती पायांपासून विरघळू लागते. चिगुसांनी म्हटले, "मी होते ना? कुणीतरी सांगा ना. मी होते." उत्तर येत नाही. कागारी म्हणतो, "चला, बुटात मीठ जाईल." पावले दूर जातात.

अकात्सुने पटकथा मिटली. मला वाटले, संपले. परंतु वरून पुन्हा खरखर झाली.

"इसोबे-सान, सुरुवात उत्तम. पण सेन्सेईंना शेवटी ओरिनचा आवाज नकोय. मुखवटा गळतो ना, तसं. मुलीचा आवाज करणार्‍या बाईचा आवाज. खालचा. तुमचा स्वतःचा."

"समजलं," चिगुसा म्हणाल्या.

पुढच्या खेपेस त्यांनी वाक्याच्या मध्यातच आवाज सोडून दिला, आणि जे बाहेर आले ते मी यापूर्वी केवळ वैद्यांच्या खोलीबाहेर ऐकले होते: गाठीवर घासणारा, वय झालेल्या बाईचा स्वर. दारापाशी बसलेल्या नवख्या मुलींपैकी एकीने तोंडावर हात घेतला. काचेपलीकडे सेन्सेई ताठ बसले. त्यांनी मान डोलावली.

"छान," कुवाबारा म्हणाले. "झालं. सेन्सेईंनाही पसंत आहे. मनापासून आभार."

आणि इथे जे घडले, ते आमच्या व्यवसायाबाहेरच्या कोणास समजेल असे मला वाटत नाही. चिगुसा मायक्रोफोनपासून हलल्या नाहीत. त्यांनी डोके वाकवले आणि ते वाक्य म्हटले, जे आमच्यातील प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी शिकवले जाते:

"आणखी एकदा करू द्या."

"इसोबे-सान, गरज नाही. घेतलंय आम्ही."

"'कुणीतरी' वर मी अजून ओरिनच होते. खोटं वाटलं. आणखी एकदा."

मी काचेच्या दारातून आत शिरलो. "इसोबे-सान, डॉक्टरांनी काय..."

"तोकोनामि-सान, तुमचे बूट वाजतायत," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "बाहेर व्हा."

कुवाबारांनी सेन्सेईंकडे पाहिले. सेन्सेईंनी बोटाने चित्र सुरू करण्याची खूण केली.

चिगुसांनी आणखी एकदा केले. मग आणखी एकदा मागितले, आणि तेही केले. शेवटच्या वेळी 'मी होते' यातील 'होते' उमटलेच नाही. त्याच्या जागी ओले कापड फाटल्यासारखा नाद आला, आणि चिगुसांनी रुमाल तोंडाला लावला. रुमालावर लाल डाग उमटला.  तेवढ्यात वरून कुवाबारांचा, अत्यंत आदराने भरलेला आवाज आला:

"हाच घेतो."

चिगुसांनी सर्व दिशांना वाकून नमस्कार केला. बाहेरच्या मार्गिकेत सेन्सेई उभे होते. त्यांनी स्वतः वाकून म्हटले, "आईनं ऐकायला हवं होतं हे." त्यांच्या मुद्रेवर द्वेष नव्हता. मी शोधला, आणि मला सापडला नाही. दीर्घ आजारातून उठलेला मनुष्य जसा पहिल्या दिवशी भूक लागल्याचे सांगतो, तशी ती मुद्रा होती.

चिगुसांनी उत्तर दिले नाही. त्यांना देता येत नव्हते.

तो भाग प्रक्षेपित झाला, त्या दिवशी मूळवाल्यांनी उत्सव केला. ओरिन विरघळण्याचे दृश्य हजारो लोकांनी एकमेकांना पाठवले. त्यावर कोणी हसणार्‍या मांजरांची चित्रे डकवली. जुनेवाले काही दिवस भांडले, आणि मग भांडण्यासारखे काही राहिले नाही, कारण आता ते त्यांच्याच ओरिनविरुद्ध ठरत होते: मूळ कथेत ती होती, आणि ती खोटी होती. पूर्वी तिला कथेत स्थान नव्हते, म्हणून तिच्याविषयी प्रत्येकास काहीही मानता येत होते. आता तिला स्थान मिळाले. वसंतात पहिली मालिका सर्व ठिकाणांहून काढून घेण्यात आली. निइझे-सान यांनी मला नम्रपणे कळवले की नव्या प्रेक्षकांचा गोंधळ बराच कमी झाला आहे.

शस्त्रक्रिया झाली. वैद्यांना जे शिवता आले, ते त्यांनी शिवले. चिगुसांच्या मुखातून त्यानंतर जे निघे, त्याला आवाज म्हणणे कठीण. वाळलेल्या पानांवरून कोणी चालावे तसे ते होते, आणि ऐकण्यासाठी जवळ जावे लागे. एबिसावा भेटायला आले, तेव्हा त्यांना एकही विनोद सुचला नाही. ते सबंध वेळ संत्री सोलत बसले.

एका दुपारी मी चिगुसांना तपासणीहून घरी नेत होतो. ओगिकुबो स्थानकासमोरच्या पचिंको दालनावर नवे फलक लागले होते: 'मिठाचा किल्ला', नवे यंत्र. चिगुसांनी माझी बाही धरली.

"नको," मी म्हणालो. "आत धूर असतो. तुमच्या घशाला..."

त्यांनी बाही सोडली नाही.

आत छर्‍यांचा असा गोंगाट होता की मनुष्यास स्वतःचे विचार ऐकू येऊ नयेत. नव्या यंत्रांच्या रांगेत एक कामगार बसला होता, गुडघ्यापर्यंत चुना लागलेला, तोंडात न पेटवलेली सिगरेट. आम्ही त्याच्या मागे उभे राहिलो. पूर्वी ओरिन डाव जिंकल्यावर येत असे. आता ती हरल्यावर येत होती. छर्रे खालच्या भोकात गेले, पडद्यावर दिवा विझला, मुलगी पायांपासून विरघळू लागली, आणि त्या प्रचंड गोंगाटाला चिरत चिगुसांचा आवाज आला:

"मी होते ना? कुणीतरी सांगा ना. मी..."

आणि मग तो फाटण्याचा नाद. यंत्रवाल्यांनी तोसुद्धा ठेवला होता.

कामगाराने काचेवर तळहात आपटला. "होतीस गं बाई, होतीस! आता मर की!"

शेजारचा हसला. "ही जाईपर्यंत नवा डाव लागत नाही. ऐकावंच लागतं."

मी चिगुसांकडे पाहण्याचे धैर्य गोळा केले. त्या रडत नव्हत्या. त्यांनी मान किंचित तिरपी केली होती, जशी त्या स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकताना नेहमी करीत. त्यांचे ओठ हलले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"'सांगा' नंतर श्वास लवकर घेतला मी," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा करायला हवं होतं."

कामगाराने यंत्राची मूठ फिरवली. छर्रे उडाले, खिळ्यांवर आपटत खाली आले आणि भोकात गेले. पडद्यावर पुन्हा दिवा विझला. चिगुसांनी एक पाऊल पुढे टाकले आणि नीट ऐकण्यासाठी डोळे मिटले.